काठोकाठ भरलेला प्याला

मी एक जुनी चहादाणी आहे. माझं झाकण एका दोऱ्याने माझ्या कानाला बांधलेलं आहे, आणि तो दोरा पूर्वी लाल होता असं आता सांगावं लागतं. माझ्या तोटीचा एक टवका उडालेला आहे. त्यामुळे चहा ओतून झाला की एक थेंब हमखास दस्तरखानावर, म्हणजे खाण्यापिण्यासाठी अंथरलेल्या कापडावर, गळतो. ही माझी खोड आहे, आणि या वयात ती काही सुटायची नाही. मित्रांनो, आपली गोष्ट सांगायला बसलं की आधी आपल्या उणिवा सांगून टाकाव्यात. मग ऐकणारा त्या शोधत बसत नाही.

माझा जन्म फरगानाच्या खोऱ्यातल्या रिश्तान गावचा. तिथली माती तांबूस आणि चिकट, आणि तिथला प्रत्येक दुसरा माणूस कुंभार. ज्या उस्ताने, म्हणजे कसबी कारागिराने, मला घडवलं तो दिवसाला वीसेक भांडी करायचा. त्याचा मेहुणा रोज शेजारी येऊन बसायचा आणि गावभरच्या बातम्या सांगायचा. उस्ता चाक फिरवत ऐकायचा, हसायचा, मध्येच शिवीही घालायचा. पण तोटी बसवायची वेळ आली की मातीचा हात वर करून मेहुण्याला थांबवायचा. तोटी नीट बसली, बोटाने सांधा पुसून झाला, की म्हणायचा, "हं, आता बोल. त्या गाईचं पुढे काय झालं?" मेहुण्याला त्याचा कधी राग आला नाही. उलट आपली गाय उस्ताच्या लक्षात आहे याचंच त्याला बरं वाटायचं.

भट्टीतून मी निळी होऊन बाहेर पडले आणि गवतात गुंडाळून नमंगानच्या बाजारात आले. तिथे मला खोसियत नावाच्या नव्या नवरीने घेतलं. घेतलं म्हणजे सहजासहजी नाही. तिने माझ्यात पाणी भरलं, ओतलं, पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. दुकानदार वैतागला.

"बाई, चहादाणी घेताय की घोडा?"

"घोडा घेताना इतकं बघत नाही," ती म्हणाली. "घोडा काही रोज पाहुण्यांच्या पुढ्यात जात नाही."

असं बोलणाऱ्या बाईच्या घरी जायला मिळालं, याचा मला तेव्हाच आनंद झाला होता. पुढे छत्तीस वर्षं तिने मला वापरलं, आणि त्या छत्तीस वर्षांत मी एकदाही कंटाळले नाही.

आमच्याकडे चहाची एक रीत आहे. चहादाणीतला चहा प्याल्यात ओतायचा आणि परत चहादाणीत घालायचा. असं तीनदा. मग तो मुरतो. मग ज्याच्यासमोर प्याला ठेवायचा त्याला दोन घोट ओतायचे, फार तर तीन. उजव्या हाताने प्याला पुढे करायचा, डावा हात छातीवर. दोन घोट संपले की पुन्हा दोन घोट. ओतणाऱ्याची नजर प्याल्यावर असते, आणि 'तू बस, मला तुला पुन्हा पुन्हा वाढायचंय' हे त्या दोन घोटांतून आपोआप सांगितलं जातं. प्याला काठोकाठ भरला, तर त्याचा अर्थ उलटा होतो. 'हा एवढा पी आणि ऊठ,' असा. हे आमच्या गल्लीत तीन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. नकोशा पाहुण्याला तोंडाने 'जा' म्हणायची वेळच येत नाही, इतकं ते पक्कं आहे.

खोसियत ओतायला बसली की फक्त ओतायची. कुणी रडत आलेलं असो, भांडत आलेलं असो, नाहीतर नुसतं पिठाची चाळण मागायला आलेलं असो, ती त्याच्याकडे बघत ऐकायची, आणि प्याला रिकामा झाल्याचं तिला न बघता कळायचं. ती फार शहाणी होती असं मी म्हणणार नाही. चिडकी होती, पिठात मीठ जास्त घालायची आणि शेजारणींना नावं ठेवायची. पण समोर बसलेल्या माणसाला ती पुरती मिळायची. लोक म्हणायचे, खोसियतच्या हातच्या चहाला वेगळी चव आहे. चहा बाजारातलाच होता, तुमच्या-आमच्यासारखा.

तिला दोन मुलगे. थोरला तुरगुन, धाकटा सोबित. तुरगुन मधमाश्या पाळतो. लग्न झाल्यावर तो दोन गल्ल्या पलीकडे वेगळा राहिला, आणि उन्हाळाभर पेट्या घेऊन ननायच्या डोंगरात जाऊ लागला. आमच्याकडे घर धाकट्याचं असतं आणि आई-बापही धाकट्याकडे राहतात. म्हणून खोसियत सोबितकडे राहिली, आणि तिच्याबरोबर मीही.

सोबित वाईट माणूस नाही. हे मी आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला नावं ठेवाल. तो जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकतो. कुणाला अंदिजानला दरवाजा हवा असतो, कुणाला कोकंदला आरसा, आणि हे सगळं फोनवर चालतं. त्यामुळे फोन त्याच्या हातात नसला तर मांडीवर असतो. जेवताना, बोलताना, मुलांना शाळेत सोडताना तो कायम अर्धा तिथे आणि अर्धा भलतीकडे. कुणी काही सांगितलं की तो म्हणतो, "हो हो." हे 'हो हो' फार फसवं आहे. समोरच्याला वाटतं, पोचलं. पोचलेलं काहीच नसतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. जून महिना होता, तुतीची फळं गळत होती, अंगण चिकट झालं होतं. मंगळवारी दुपारी खोसियतने चहा केला आणि सोबितला समोर बसवलं. दर बुधवारी तो डोंगरात जाऊन थोरल्याला पीठ, साखर, भाकऱ्या देऊन यायचा, कारण त्या घळीत फोन लागत नसे. ती म्हणाली, "सोबित, उद्या वर जाशील तेव्हा तुरगुनला सांग, शुक्रवारच्या आत एकदा येऊन जा. पाय दुखतात म्हणून नाही. बघावंसं वाटतंय म्हणून."

"हो हो, सांगतो," सोबित म्हणाला. त्याच्या अंगठ्याखाली कुठल्यातरी गाडीच्या दिव्याचं छायाचित्र होतं.

खोसियत क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने त्याच्या प्याल्यात दोन घोट ओतले.

बुधवारी सोबित डोंगरात गेला, पोती उतरवली, भावाशी माश्यांबद्दल दोन शब्द बोलला आणि परत आला. निरोप त्याच्या डोक्यात शिरलाच नव्हता, तर तो बाहेर कुठून पडणार? शनिवारी सकाळी खोसियत गेली. थोरल्याला आणायला माणूस धावला, पण तुरगुनने पेट्या पलीकडच्या उतारावर हलवल्या होत्या. तो सापडून घरी पोचेपर्यंत दफन होऊन गेलं होतं. कपड्यांना धुराचा वास, हातात माश्यांची जाळी तशीच, असा तो अंगणात उभा राहिला. आईचं तोंड त्याला दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी खोसियतची बहीण रडता रडता बोलून गेली, "तुला बोलावणं धाडलं होतं रे तिने. सोबितबरोबर."

तुरगुनने धाकट्याकडे पाहिलं. "काय निरोप होता?"

सोबित पांढरा पडला. निरोप होता एवढं त्याला त्याच वेळी कळलं. काय होता ते आठवेना. 'आठवत नाही' म्हणायची लाज वाटली, म्हणून तो म्हणाला, "काही विशेष नव्हतं, आका."

आका म्हणजे थोरला भाऊ. त्या दिवसानंतर हा शब्द आमच्या घरात चार वर्षं ऐकू आला नाही. मी कपाटावरून सगळं ऐकत होते. मला निरोप शब्द न् शब्द पाठ होता. पण मित्रांनो, चहादाणीला तोटी असते, तोंड नसतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख हेच आहे.

खोसियत गेल्यावर माझेही दिवस फिरले. घरात विजेची किटली आली. ती एका मिनिटात उकळते आणि टिचकी वाजवून स्वतःच बंद होते. प्याल्यात चहाची पुडी टाकायची, वर पाणी ओतायचं, पुडी बोटाने दाबायची, झालं. तीनदा परत ओतायचं कुणाला सुचेना. मला खिडकीत ठेवलं आणि माझ्यात हळूहळू सामान जमू लागलं: दोन बोल्ट, एक मोडकी किल्ली, फोनला जोडायची वायर. पोट भरलेलं होतं, पण कामाचं काही नव्हतं. सोबितची बायको मुकर्रम अधूनमधून माझ्यावरची धूळ पुसायची आणि म्हणायची, "आईंनी पाहिलं असतं तर तुमचे कान उपटले असते." सोबित म्हणायचा, "हो हो."

गेल्या ऑक्टोबरमध्ये एक दिवस दुपारी दार वाजलं. मुकर्रमने उघडलं. दारात तुरगुन होता. डोक्यावर नवी टोपी, हातात मधाची बरणी. थोरला भाऊ आपल्या पायांनी धाकट्याच्या दारी आला होता, तेही चार वर्षांनी, आणि चूक धाकट्याची असताना. आमच्याकडे हे किती अवघड आहे ते मुकर्रमला कळलं. तिने त्याला मानाच्या जागी, दारापासून सगळ्यात लांब बसवलं, भाकरी ठेवली, बेदाणे ठेवले. मग खिडकीतून मला उचललं, बोल्ट आणि वायर काढून फेकली, मला तीनदा धुतलं आणि चहा करून सोबितपुढे ठेवलं. जाताना ती त्याच्या कानात पुटपुटली, "फोन ठेवा." आणि ती भाज्या चिरायला स्वयंपाकघरात गेली.

सोबितने फोन ठेवला. मांडीवर, उलटा.

सुरुवात बरी झाली. दोघांनीही हवेबद्दल बोलून घेतलं. सोबितने चहा तीनदा परत ओतला, हाताला जुनी सवय होती. पहिले दोन घोट नीट ओतले. तुरगुन प्याला बोटांत फिरवत राहिला आणि मग एकदाचा बोलू लागला.

"ओय्दिनचं लग्न ठरलंय," तो म्हणाला. ओय्दिन म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी. "येत्या रविवारी. सकाळच्या पुलावाच्या पंगतीला फाटकाशी..."

मांडीवरचा फोन थरथरला. सोबितने तो फक्त उलटवला. उत्तर देणार नव्हता, नुसतं बघणार होता. फरगानाचा कुणीतरी आठवड्यापासून एका गिअरपेटीसाठी मागे लागला होता आणि आता त्याने होकार कळवला होता.

"...फाटकाशी काकाने उभं राहायचं असतं. लोक बघतात. मी म्हटलं, मागचं राहू दे मागे. तू येशील ना?"

"हो हो, होईल सगळं," सोबित म्हणाला, आणि डोळे फोनवर ठेवून त्याने मला उचललं.

माझी तोटी प्याल्यावर वाकली. दोन घोट झाले. तीन झाले. मी जीव तोडून थांबायचा प्रयत्न केला, पण भांड्याला धरणारा हात थांबला तरच भांडं थांबतं. चहा काठाला लागला, काठावर फुगला, आणि मग सोबितने मला खाली ठेवलं. नंतर माझा नेहमीचा थेंब गळला.

तुरगुन त्या प्याल्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने भाकरीला हात लावला, तोंडावरून दोन्ही हात फिरवले, "अल्ला बरकत देवो" म्हणाला आणि उठला. अंगणातून मुकर्रमची हाक ऐकू आली, "अहो आका, भाजी होतच आली! बसा ना!" मग फाटक वाजलं.

ती आत आली. "काय झालं? काय बोललात तुम्ही त्यांना?"

"काही नाही. बरं बोलत होतो. काम असेल त्याला."

मुकर्रमने दस्तरखानाकडे पाहिलं. "हे तुम्ही ओतलंत?"

"काय?"

"हा प्याला. हा तुम्ही भरलात?"

सोबितने प्याल्याकडे पाहिलं. तो खरोखरच चकित झाला. "मी? असा? नाही, मी कसा भरेन?"

"मग काय आईंच्या चहादाणीने आपणहून भरला? अहो, चार वर्षांनी माणूस तुमच्या दारात आला आणि तुम्ही त्याला ऊठ म्हणालात."

"मी मुद्दाम नाही केलं!"

"ते त्यांना कसं कळणार?" मग तिचा आवाज उतरला. "काय सांगायला आले होते ते?"

सोबित बोटांवर जुळवू लागला. "ओय्दिनचं काहीतरी. लग्न... रविवार... मी हो म्हणालोय."

"कशाला हो म्हणालात?"

त्याला आठवेना. मी त्याचा चेहरा पाहिला. या माणसाला मी त्याच्या जन्मापासून ओळखते. तो झाडावरून पडलेला पाहिलाय, त्याला शाळेतून हाकलून दिल्यावर घरी आलेला पाहिलाय. पण इतका घाबरलेला कधी पाहिला नव्हता. आईचा निरोप असाच गेला होता, आणि आता भावाचा.

"खालाला विचारून येते," मुकर्रम खोसियतच्या बहिणीबद्दल म्हणाली. "त्यांना सगळं ठाऊक असतं."

"नको." सोबितने तिला हाताने थांबवलं. "या वेळी इकडून तिकडून नको. ज्याने सांगितलं त्यालाच विचारतो."

तो भरलेला प्याला त्याने संध्याकाळपर्यंत उचलू दिला नाही.

तुम्हाला वाटेल, तो लगेच उठून भावाकडे गेला. नाही गेला. त्याला स्वतःचाच भरवसा वाटत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने फोन पिठाच्या डब्यात ठेवला, वर झाकण लावलं आणि माझ्यात चहा केला. फक्त चहा करायचा, दुसरं काही नाही, असं त्याने मुकर्रमला सांगितलं. ती दारात उभी राहून बघत होती. पहिल्यांदा परत ओतलं तेव्हा त्याचा डावा हात आपोआप खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. दुसऱ्यांदा ओतताना त्याची नजर पिठाच्या डब्याकडे गेली.

"डबा पळून जात नाही," मुकर्रम म्हणाली.

"माहीत आहे."

"तुमच्या गिअरपेटीवाल्याला पिठात गुदमरायला होत असेल."

"मुकर्रम, तू बोललीस की मोजायचं चुकतं. दुसरं झालं की तिसरं?"

"तिसरं काही एवढं अवघड नसतं हो. शाळेतली पोरं करतात."

पण अवघड होतं. तो घामाघूम झाला होता, खरंच. एक चहा करायला त्याला चार वेळा परत सुरुवात करावी लागली. तीन दिवस त्याने हा उद्योग केला. तिसऱ्या दिवशी तो ओतता ओतता मध्येच थांबला आणि मुकर्रमला म्हणाला, "तुझ्या हाताला काय झालंय?" तिच्या मनगटावर तंदुरचा चटका होता. तो आठवड्यापूर्वीचा होता. तिने हात पदराआड घेतला, आणि मग परत बाहेर काढून त्याच्यापुढे धरला.

शुक्रवारी सकाळी त्याने मला शालीत गुंडाळलं, फोन घरी ठेवला आणि चालत निघाला. रविवारचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं. वाटेत दोघांनी त्याला हाक मारली, "फोन का उचलत नाहीस रे?" तो म्हणाला, "घरी आहे." ते दोघेही त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसे बघत राहिले.

दार ओय्दिनने उघडलं. "काका!" ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले, पण बाजूला सरून तिने त्याला आत घेतलं. अंगणात मोठ्या कढया उलट्या घालून ठेवल्या होत्या, गाजरांची पोती आली होती. तुरगुन मागच्या बाजूला माश्यांच्या पेट्यांना थंडीसाठी जुन्या गोधड्या गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही.

"आका, सलाम."

"सलाम." आमच्याकडे दारात आलेल्याला परत पाठवत नाहीत, मग तो कुणीही असो. "बस. चहा सांगतो."

"चहा मी करतो. आईची चहादाणी आणलीय."

"माझ्या घरात चहादाणी नाही असं कुणी सांगितलं तुला?"

सोबितने ओट्यावर बसून चहा केला. एकदा, दोनदा, तीनदा. मोजणं चुकलं नाही. तुरगुन येऊन समोर बसला. सोबितने दोन घोट ओतले, डावा हात छातीवर ठेवला. तुरगुनने प्याला घेतला, पण प्यायला नाही.

"आका, त्या दिवशी मी भरून ओतला. तुम्हाला उठवायला नाही. मी बघतच नव्हतो."

"हं."

"आणि आईचा निरोप." सोबितने मला खाली ठेवलं. "काही विशेष नव्हतं असं मी म्हणालो, ते खोटं. काय होता ते मला आठवत नाही. आठवत नाही असंही नाही. मी ऐकलाच नव्हता. ती माझ्यासमोर बसून बोलली आणि मी ऐकलं नाही."

तुरगुनने प्याला ओट्यावर ठेवला.

"चार वर्षं," तुरगुन म्हणाला, "मला वाटायचं तू मुद्दाम दिला नाहीस. मी विचार करायचो, मी याचं काय वाकडं केलं? लहानपणी मारलं होतं म्हणून? घर सोडून गेलो म्हणून? आईला शेवटी स्वतःकडेच ठेवून घ्यायचं होतं म्हणून? डोंगरात दुसरं काम काय असतं, विचारच करायचा. आणि त्या दिवशी प्याला बघितला तेव्हा म्हटलं, झालं, आता खात्री पटली."

"मुद्दाम नव्हतं, आका."

"अरे गाढवा, मुद्दाम असतं तर भांडून मिटवलं असतं! जो तिथे नव्हताच, त्याच्याशी भांडायचं कसं?" त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बोलावलं असेल तिने. दुसरं काय सांगणार? ये म्हणाली असेल, बघायचंय म्हणाली असेल. आता मुलगी चाललीय, तर मला कळतंय आई-बापाला दुसरं काही सांगायचं नसतं."

मित्रांनो, तेव्हा मला वाटलं, आपल्याला तोंड नाही तेही एक वेळ चालेल.

तुरगुनने चहा प्यायला आणि प्याला पुढे केला. सोबितने दोन घोट ओतले. तुरगुनने तोही संपवला आणि म्हणाला, "रविवारचं एकदाच सांगतो. परत सांगणार नाही."

"सांगा."

"पहाटेच्या नमाजानंतर लोक येतील. फाटकाच्या उजव्या बाजूला मी, डाव्या बाजूला तू. आधी मशिदीतली म्हातारी माणसं. करीमबर्दी आजोबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्या बाजूला जाऊन सलाम कर. पलीकडच्या गल्लीतल्या सुताराशी माझं पटत नाही, तो आला तरी दोन्ही हातांनी हात घे. नवऱ्या मुलाकडची माणसं आली की..." त्याला खोकला आला. "...आली की त्यांना वेलाच्या मांडवाखाली बसवायचं. आठपर्यंत पुलाव संपतो. नऊला मुलीला न्यायला गाडी येईल. बस." मग तो धाकट्याकडे रोखून बघत म्हणाला, "काय सांगितलं मी?"

सोबितने सांगितलं. नमाज, उजवी-डावी बाजू, करीमबर्दी आजोबांचा कान, सुताराचा हात, वेलाचा मांडव, आठ, नऊ. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. मग तो जरा थांबला.

"आणि नवऱ्या मुलाकडच्यांचं सांगताना तुम्हाला खोकला आला. पण तो खोकला नव्हता. तुम्ही ओय्दिनच्या खोलीकडे बघितलंत आणि तुमच्याने बोलवेना. आका, नऊ वाजता गाडी आली की मी तुमच्या बाजूला येऊन उभा राहीन. ते तुम्ही सांगितलं नाहीत."

तुरगुनने मान खाली घातली. त्याचे खांदे हलू लागले. चार वर्षं आवरून धरलेलं ते रडू होतं, आईचं आणि मुलीचं मिळून. सोबितने समजूत घातली नाही. प्याला धरून तो शेजारी बसून राहिला. थोड्या वेळाने तुरगुनने बाहीने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "गळते वाटतं ही अजून?"

"गळते," सोबित म्हणाला.

रविवारी पहाटे सोबित फाटकाच्या डाव्या बाजूला उभा होता. मला म्हाताऱ्या माणसांच्या दस्तरखानावर ठेवलं होतं, तिथून फाटक सरळ दिसत होतं. तीनशेच्या वर माणसं आली. प्रत्येकाच्या हातात हात देताना तो त्याच्या तोंडाकडे बघत होता. करीमबर्दी आजोबा आत येऊन बसले आणि शेजाऱ्याला मोठ्याने म्हणाले, "खोसियतचा धाकटा इतका सरळ बघतो हे मला ठाऊक नव्हतं." नऊ वाजता गाडी आली, तेव्हा डावी बाजू रिकामी होती. दोघं भाऊ एकाच बाजूला होते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या भांड्यांना जपा, असं मी सांगणार नाही. मी फुटले तर रिश्तानमध्ये माती पुष्कळ आहे. सोबितचा फोनही अजून आहे, तो काही संत झालेला नाही. कालच मुकर्रमने तो पिठाच्या डब्यात टाकला, या वेळी झाकण न लावता, आणि दोघांचं भांडण झालं. माझं मागणं लहान आहे. तुमच्यासमोर कुणी बसलं आणि बोलू लागलं, तर तेवढा वेळ तिथेच असा. तो काय म्हणाला हे कुणी विचारलं, तर सांगता आलं पाहिजे. कारण काही माणसं एकदाच सांगतात.